दोन बोटांचा दाब

मंगळवारी सकाळी माझ्या भावाच्या हातावर मला टोचल्याची एक खूण जास्त दिसली. शुक्रवारची खूण कोपराच्या वर, खपली धरलेली. रविवारची तिच्याहून दोन बोटं वर, अजून लालसर. एक दिवसाआड टोचायचं, दरवेळी थोडं वर सरकायचं, खांदा जवळ आला की पुन्हा खालून सुरुवात करायची, कारण एकाच जागी सुई खुपसत राहिलं की शीर तिथे फुगते आणि एक दिवस फुटते. पंचवीस वर्षं मी ही शिडी चढतेय आणि उतरतेय, तिची एकेक पायरी मला पाठ आहे. आणि आज शुक्रवार आणि रविवार यांच्या मधोमध, जिथे माझी पायरीच नव्हती, तिथे एक ताजी, गोल, नीटनेटकी खूण. मी रबरी पट्टा हातात घेऊन तशीच उभी राहिले. ओट्यावर कॉफी उकळत होती, तव्यावरची टॅपिओकाची भाकरी करपायला लागली होती. "हे काय?" मी विचारलं. नेलिओने मान वळवून स्वतःच्या दंडाकडे असं पाहिलं की जणू तो शेजाऱ्याचा आहे. "डास चावला असेल," तो म्हणाला. "डासाला बरोबर शीर सापडली?" "ताई, आपल्या बेलें शहरचे डास आहेत ते. त्यांचा धंदाच तो." आणि हसला. चौतीस वर्षांचा घोडा झाला तरी खोटं बोलताना त्याचा डावा कान लाल होतो, आईचाही व्हायचा. रविवारच्या वर दोन बोटं मोजली, सुई घातली, फॅक्टर हळूहळू आत सोडला, सुई काढली, कापसावर दोन बोटं ठेवली. पण माझं लक्ष त्या गोल खुणेवर होतं. जिने कोणी टोचलं तिचा हात थरथरला नव्हता. 'जिने' हेही मनाने लगेच ठरवून टाकलं होतं.

नेलिओचं रक्त गोठत नाही. हा दोष आईकडून येतो, मुलग्यांत दिसतो, मुली तो मुकाट घेऊन फिरतात. मी घेऊन फिरते की नाही हे तपासायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. तो रांगायला लागला तेव्हा त्याच्या गुडघ्यांत रक्त साचायचं आणि तो दिवसदिवस किंचाळायचा. गोठवणारं औषध, फॅक्टर, शिरेतूनच द्यावं लागायचं, आणि त्याच्या शिरा म्हणजे शिवणाचे दोरे. आईचे हात कापायचे. मी पंधरा-सोळा वर्षांची असेन, रक्तकेंद्रातल्या सोकोरो नर्सने माझा हात धरून बघितला आणि म्हणाली, "ही करेल." मी आधी स्वतःच्या हातावर शिकले. मग त्याच्या पावलांवर, मनगटांवर, बोटांच्या पाठींवर, एकदा कपाळाच्या बाजूला, आई पाय धरून बसलेली आणि मी माझ्याच भावाच्या डोक्यात सुई शोधत असलेली. डोळ्यांना दिसत नाही ती शीर मला बोटाच्या टोकाला कळायची. डॉक्टरसुद्धा चार वेळा टोचून थकले की म्हणायचे, बहिणीला बोलवा. तो नऊ वर्षांचा झाला तोवर त्याच्या साऱ्या शिरा मी आणि त्यांनी मिळून संपवल्या होत्या. तेव्हा त्याच्या डाव्या कोपरात धमनी कापून शिरेला जोडली. याला फिस्टुला म्हणतात. धमनीचं रक्त जोराने शिरेत घुसतं आणि वर्षभरात शीर अंगठ्याएवढी जाड होते, आंधळ्यालाही टोचता येईल अशी. रक्त न थांबणाऱ्या पोरावर असली कापाकापी म्हणजे विस्तवाशी खेळ, महिनाभर आम्ही डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. मग एका सकाळी त्या जोडावर हात ठेवला तर आत काहीतरी गुणगुणत होतं. जुना फ्रीज चालू असावा तसं, सतत, बारीक, कातडीच्या लगेच खाली. सोकोरो म्हणाली, "ही गुणगुण आहे तोवर फिस्टुला जिवंत. रोज सकाळी हात लावून बघायचं. आणि सुई काढल्यावर दोन बोटं, दाल्वा. एवढंच दाबायचं की रक्त थांबेल पण गुणगुण थांबणार नाही. पंजाने दाबलंस तर रक्तासोबत फिस्टुलाही मरेल. फॅक्टर नुकताच आत गेलेला असतो तेव्हा तर जास्तच, काही तास त्याचं रक्त तुझ्यामाझ्यासारखं गोठतं." तो दाब मला पहिल्याच दिवशी जमला. माझ्या आयुष्यात मला पहिल्याच दिवशी जमलेली ती एकच गोष्ट.

कोमेर्सिओच्या बाजारपेठेत एका बटणं-फितींच्या दुकानात मी काम करते. त्या मंगळवारी मी कितीतरी इलॅस्टिक चुकीचं कापलं असेल. गिऱ्हाईक म्हणायचं दीड मीटर आणि माझ्या डोक्यात जुसाराची बोटं. जुसारा म्हणजे नेलिओची होऊ घातलेली बायको. नखं रंगवते. आठ महिन्यांपासून दर रविवारी आमच्याकडे जेवायला येते, तळलेला मासा स्वतः घेऊन येते म्हणजे माझ्यावर उपकार नकोत, आणि आसाई फळाच्या रसाच्या वाडग्यात पीठ इतकं घालते की चमचा उभा राहावा. वाईट नाही मुलगी. वाईट असती तर सोपं झालं असतं. दुसऱ्याच रविवारी तिने मला विचारलं होतं, "दाल्वाताई, मला शिकवाल का टोचायला?" मी म्हटलं, "नखं रंगवण्याइतकं सोपं नाही ते." ती हसली होती, पण तिची नजर माझ्या बोटांवरून हलली नव्हती. बारीक काम करणाऱ्या बाईची नजर मला ओळखता येते. दहा बाय दहा मिलिमीटरच्या नखावर जी फूल काढते तिला अंगठ्याएवढी शीर काय जड आहे? तेच तर मला बोचत होतं. त्या शिरेला मी लागतच नव्हते. पंचवीस वर्षं मी ज्याला माझं कसब म्हणत होते ते त्या कापणाऱ्या सर्जनचं होतं, मी फक्त रोज जाऊन उघड्या दारातून आत शिरत होते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि कोणीतरी दंडावर गोल शिक्का मारून सांगणं वेगळं.

नेलिओ सोळा वर्षांचा असताना सोकोरोने फर्मान काढलं होतं की आता पोराने स्वतः टोचायचं, बरोबरीची सगळी पोरं टोचतात, बहीण काय जन्मभर पुरणार आहे का. आई गेल्याला चार वर्षं झाली होती. त्याच सुमारास आतोनिएल नावाचा एक मनुष्य माझ्याकडे यायचा, नदीवरून मानाऊस शहराला जाणाऱ्या बोटींवर इंजिनं दुरुस्त करायचा, हाताला डिझेलचा वास, बोलायला मोकळा. तिकडे कायमची नोकरी मिळतेय, चल म्हणत होता. म्हणजे नेलिओ शिकला असता तर मी मोकळी झाले असते. सगळं जुळून आलं होतं. त्या सकाळी नेलिओने उजव्या हातात सुई धरली, जीभ दातांत धरली, डाव्या दंडावर नेम धरला. मी त्याचं कोपर खालून धरलं होतं. सुई आत गेली, नळीत रक्त आलं, त्याचा चेहरा असा उजळला की मी तसा तो पुन्हा पाहिला नाही. आणि मी कोपर हलवलं. किंचित. एखादी माशी बसली तर हलतं तेवढंच. सुई शिरेच्या पलीकडच्या भिंतीतून आरपार गेली. हात काखेपर्यंत काळा पडला, तीन आठवडे तो भिंतीकडे तोंड करून झोपला, आणि त्यानंतर त्याने सुईला हात लावला नाही. सोकोरो म्हणाली, होतं असं कधीकधी, पुन्हा प्रयत्न करू. मीच म्हटलं, कशाला पोराच्या जिवाशी खेळ? आतोनिएलला मी सांगितलं की भाऊ एकटा राहू शकत नाही. त्याने दोन पत्रं पाठवली. मी का हलवलं कोपर, हे मी खूपदा स्वतःला विचारलंय. भीती वाटली मानाऊसची? असेल. पण खरं सांगायचं तर नेलिओचा तो उजळलेला चेहरा मला सहन झाला नाही. माझ्याशिवाय इतका आनंद.

बुधवारी दुपारी जुसारा दुकानात आली. लेस घ्यायला. पांढरी, बोटभर रुंदीची. कशासाठी ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी लेस मोजत असताना ती काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, "ताई, नेलिओ उद्या तुमच्याशी काहीतरी बोलणार आहे. रागावू नका हं त्याच्यावर."

"काय बोलणार आहे?"

"तोच सांगेल. मला सांगायला मनाई आहे."

"टोचायला मनाई नाही वाटतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं. खरंच कळलं नाही तिला, की उत्तम नाटक, हे मी त्या वेळी ठरवू शकले नाही, ठरवायची इच्छाही नव्हती. "ताई, तुम्ही थकला असाल हो," ती म्हणाली. "इतकी वर्षं. आता जरा तुम्हालाही सुटका नको का?" सुटका! मी लेस एक वीत कमी कापली आणि कागदात गुंडाळून दिली. ती गेल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "गोड आहे हो तुमची भावजय." मी म्हटलं, "अजून झाली नाही." आणि मग संध्याकाळी, कोपऱ्यावरच्या बाईकडे उभी राहून तुंब्यातलं गरम ताकाका सूप पीत असताना, त्यातल्या जांबूच्या पाल्याने ओठ बधिर झालेले असताना, एक विचार इतका शांतपणे आला की मी त्याला विचार म्हणून ओळखलंच नाही. फिस्टुला नसता तर? पुन्हा ते दोरे राहिले असते. पावलांच्या, बोटांच्या पाठींच्या, जे काही उरलंसुरलं असेल ते. तिथे नखं रंगवणारीची बोटं काय करणार? तिथे फक्त बहीणच लागली असती. मी तुंबा परत दिला, तोंड पुसलं आणि घरी जाऊन भात टाकला. जेवताना मी नेलिओला माशाचा मधला तुकडा वाढला.

गुरुवारी सकाळी तो नेहमीच्या खुर्चीत बसला, डावा हात उशीवर, सकाळचा वारा खिडकीतून येत होता. "ताई, आज झालं की जरा बसशील? बोलायचंय," तो म्हणाला. मी म्हटलं, "बसेन की." नेहमीसारखा जोडावर तळहात ठेवला. गुणगुण होती, भरदार, निश्चिंत. सुई घातली. फॅक्टर पूर्ण आत गेला. त्याने सवयीने मान मागे टेकून डोळे मिटले, कारण सुई निघताना बघायला त्याला अजूनही आवडत नाही. मी सुई काढली, कापूस ठेवला, दोन बोटं ठेवली. मग तिसरं. मग चौथं. मग अंगठा मागून घेतला. मी ठरवलं नव्हतं, हातून झालं, असं म्हणायची सोय आहे. पण मी ठरवलं होतं. दुसरा हात मी जोडावर ठेवला होता, कळावं म्हणून. आधी गुणगुणीचा सूर चढला. मग ती तुटली आणि तिचे ठोके झाले, कोणीतरी आतून दार वाजवावं तसे. पाच मिनिटं पुरतात एरवी. शेजारच्या रेडिओवर बातम्या लागल्या आणि संपल्या, जाहिराती लागल्या. आंब्याच्या झाडावरून एक आंबा रस्त्यावरच्या कुणाच्या तरी गाडीवर दाणकन पडला आणि कोणीतरी आंब्याच्या आईचा उद्धार केला. नेलिओच्या पापण्या हलल्या नाहीत, झोप लागली असावी. ठोके बारीक झाले. माझी बोटं पांढरी पडली, मनगट दुखायला लागलं. एकदा वाटलं, सोड. अजून सोडलंस तर परत येईल. मला नऊ वर्षांचा नेलिओ आठवला, पहिल्यांदा स्वतःचं कोपर कानाला लावून "ताई, माझ्यात मोटार आहे" म्हणणारा. आठवला आणि तरीही मी सोडलं नाही. हे मी लिहून ठेवते, कारण लोक असल्या वेळी म्हणतात की भान नव्हतं. मला पूर्ण भान होतं. जवळजवळ अर्धा तास झाला असेल, तेव्हा तळहाताखाली काहीच उरलं नाही. नुसतं कातडं, कोमट. मी बोटं उचलली. रक्त आलं नाही. पट्टी लावली, आणि म्हटलं, "झालं. बोल, काय बोलायचंय?" त्याने डोळे उघडले. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला. मग घड्याळाकडे बघून म्हणाला, "उशीर झाला. संध्याकाळी बोलू." तो पाणीपुरवठा खात्यात टेबलावर बसतो, उशीर झाला तर ओरडा खावा लागतो. आखडलेला गुडघा ओढत तो जिना उतरला.

साडेअकराला दुकानात त्याचा फोन आला. "ताई, गुणगुण थांबलीय." मी इतक्या जोरात "काय?" म्हणाले की मालकीणबाईंच्या हातातला बटणांचा डबा सांडला. माझं घाबरणं खोटं नव्हतं, हे कोणाला पटणार नाही. टॅक्सी करून रक्तकेंद्रात पोचले तेव्हा तो आत टेबलावर पडला होता आणि डॉक्टर तायना, परवा-परवा शिकून आलेली पोर, त्याच्या दंडावर मशीन फिरवत होती. शीर दोरखंडासारखी कडक झाली होती. पडद्यावर काळ्या नळीत करडा गोळा भरलेला. "गुठळी," ती म्हणाली. "वरपर्यंत भरलीय." मी विचारलं, "आता टोचायचं कुठे? मला त्याच्या पावलांतल्या शिरा ठाऊक आहेत, उजव्या घोट्यापाशी एक होती, मी शोधेन, मी करेन..." मी बोलतच राहिले. मला माझा आवाज ऐकू येत होता, आणि त्यात आनंद होता.

डॉक्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दाल्वाताई, नेलिओने सांगितलं नाही तुम्हाला? आता शिरेची गरजच नाही. नवीन औषध मंजूर झालंय त्याला. आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीखाली, इन्सुलिनसारखं. लहान मूलही घेऊ शकतं. त्याच्याचसाठी तर सोमवारी रक्त काढलं आम्ही. दुसरीकडे शीर मिळेना म्हणून फिस्टुलातूनच घ्यावं लागलं." मग ती पुन्हा पडद्याकडे वळली आणि अगदी मोकळेपणाने म्हणाली, "आणि खरं सांगू? हा फिस्टुला आम्ही पुढच्या महिन्यात बांधून बंदच करणार होतो. इतकी वर्षं जादा रक्त ढकलून त्याचं हृदय वाढलंय. पण याच्यावर पुन्हा ऑपरेशन करायचं म्हणजे माझी झोप उडाली होती. रक्त थांबलं नसतं तर? आता तो स्वतःहूनच बंद पडला. आठ-दहा दिवस दुखेल, सुजेल, मग संपलं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा!" दारात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या सोकोरोने टाळी वाजवली. टाळी. मग पुढे येऊन तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "सुटलीस गं बाई. पंचवीस वर्षं! देवाने तुझं ऐकलं." मी मान हलवली. काय करणार? सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते.

बाहेर बसथांब्यावर आम्ही दोघं बाकावर बसलो. शहाळीवाल्याने दोन शहाळी पुढे केली, नेलिओने नको म्हटलं. त्याने शर्टाची बाही खाली ओढून घेतली होती. मी म्हटलं, "आधी का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू कळत नव्हतं. सहा महिने झाले मला कळून. जुसारा म्हणायची, सांगून टाक, त्या खूशच होतील." त्याने बाही आणखी खाली ओढली. "मी म्हणायचो, तू ताईला ओळखत नाहीस."

"मी खूशच आहे."

"आज सकाळी सांगणारच होतो. तू पट्टी लावलीस की लगेच."

रस्त्यापलीकडे एक बाई छत्री उघडत होती, पाऊस अजून आला नव्हता पण त्याची रोजची दोनची वेळ होत आली होती. मी म्हटलं, "मग?"

"पट्टी लावायला तू फार वेळ घेतलास," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी जागा होतो, ताई."

तू हात का ओढून घेतला नाहीस, असं मी विचारलं असेन, कारण तो त्याचंच उत्तर द्यायला लागला. "आधी वाटलं, आता सोडेल. मग वाटलं, आता सोडेल. नंतर मला बघायचंच होतं." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी उलट दिल्या असत्या, आम्ही भांडायला दोघंही पटाईत. पण तो समोर बघत बसला होता, दुखरा हात मांडीवर घेऊन, आणि मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही जास्त त्याचा संताप येत होता, की हा गप्प बसला, की याने मला शेवटपर्यंत जाऊ दिलं. बस आली. ती आमच्या घराकडे जाणारी नव्हती, जुसाराच्या घराकडे जाणारी होती. तो उठला.

"दुखलं का रे?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"नाही," तो पायरीवर चढता चढता म्हणाला. "तुझा हात हलकाच आहे."